‘बायबल स्वतः कधी उघडलेलंच नसतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ख्रिस्तविरोधकावरच्या, म्हणजे शेवटच्या काळात ख्रिस्ताविरुद्ध उभा राहणाऱ्यावरच्या माझ्या लेखाखाली परवा आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली असेल. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी तिचा गाभा इथे देतो. “अंकल, तुमचा लेख वाचून दुःख झालं. ख्रिस्तविरोधक म्हणजे नुसती वृत्ती असं सांगून तुम्ही लोकांना झोपवताय. पौलाने स्पष्ट ‘अनीतिमान पुरुष’ म्हटलंय. तुमच्यासारखे शिकलेले कॅथलिकच सगळ्यांत आधी फसणार, कारण त्यांनी बायबल स्वतः कधी उघडलेलंच नसतं. श्वापदाची खूण मोबाइलमधून हातात आलीय, तरी तुम्ही मरियेच्या नोव्हेना करत बसलाय. जागे व्हा, आमच्या गटात सगळ्यांना वर्षसुद्धा ठाऊक आहे.” खाली सही, ‘एक विश्वासणारा, वसई’.

अंकल म्हणून सुरुवात केलीत, पण स्वतःचं नाव मात्र सांगितलं नाहीत. वसईत आपण एकमेकांच्या घरच्यांना तीन पिढ्यांपासून ओळखतो. वडीलधाऱ्याशी वाद घालायचा तर माणूस आधी ‘मी अमक्याचा’ असं सांगतो आणि मग बोलतो. वाद घालू नका असं मी कधीच म्हटलेलं नाही. माझ्याकडे धर्मशिक्षणाला आलेली मुलं मला उलट प्रश्न विचारत आणि मला ते आवडायचं. पण ‘झोपवताय’, ‘फसणार’, ‘जागे व्हा’ ही प्रश्न विचारणाऱ्याची भाषा नव्हे. निकाल आधीच लागलेला आहे आणि मी फक्त तो ऐकून घ्यायचा, अशा सुरात तुम्ही लिहिलंय.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. ‘अनीतिमान पुरुष’ ज्यात येतो त्या, प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राला माझ्या लेखात दोनच ओळी मिळाल्या. त्याला आणखी जागा देता आली असती. पण ‘नुसती’ हा शब्द माझ्या लेखात कुठेही नाही, तो तुम्ही घातलात. शेवटी कोणी एक पुरुष उभा राहील हे ख्रिस्तसभेने कधी नाकारलेलं नाही, मीही नाकारलेलं नाही. तो मुद्दा इथे संपला.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो. बायबल स्वतः कधी उघडलेलंच नसतं, असं तुम्ही लिहिलंत.

माझ्या आईच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. गुडघे टेकून ती ऐकायची आणि त्यातलं अक्षरही तिला कळायचं नाही. १९६२ ते १९६५ ची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, त्यानंतर उपासना मराठीत आली आणि मराठी बायबल आमच्या घरात फळीवरून खाली उतरलं. संध्याकाळी रोझरी झाली की आई मला एक उतारा मोठ्याने वाचायला लावायची. वाडीवरून दमून आलेले वडील भिंतीला टेकून ऐकायचे. मी चुकीचा शब्द वाचला तर आई थांबवायची, कारण तोवर बरंचसं तिला पाठ झालं होतं. त्या बायबलची शिवण उसवली तेव्हा तिने गोधडी शिवायच्या दोऱ्याने ते पुन्हा शिवलं. ते आजही माझ्याकडे आहे. पुढे मी धर्मग्रामात धर्मशिक्षण दिलं ते याच पुस्तकातून. त्यामुळे तुमचं वाक्य मला लागलं, आणि माझ्यापेक्षा जास्त तिच्यासाठी लागलं. ज्या बाईला तुम्ही कधी पाहिलं नाहीत तिच्या आयुष्यभराच्या वाचनावर तुम्ही एका ओळीत पाणी ओतलंत.

असो. आपण ते उघडूच.

ख्रिस्तविरोधक या नावाने बोलणारा अख्ख्या बायबलात एकटा योहान आहे, आणि तोही आपल्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात श्वापद आहे, खोटा संदेष्टा आहे, अजगर आहे, पण हे नाव तिथे नाही. आणि योहान काय म्हणतो? ख्रिस्तविरोधक येणार असं तुम्ही ऐकलं आहे, पण आताच पुष्कळ ख्रिस्तविरोधक उठले आहेत. पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं हे १८ वं वचन तुमच्या गटात वाचलं जात असेलच. त्याच्या पुढचं, १९ वं वाचलं जातं का? ते आपल्यातूनच निघाले, असं तिथे लिहिलं आहे. रोमच्या राजवाड्यातून नाही, कुठल्या परकीय सैन्यातून नाही. मंडळीतून, प्रार्थनेला शेजारी बसलेल्यांतून. योहान ज्यांना हे लिहीत होता त्यांना बाहेरचा शत्रू ओळखायला शिकवायची गरज नव्हती. त्याला काळजी होती ती आतून येणाऱ्या गोड बोलीची. येशू खरोखर देहाने आला, भुकेला झाला, थकला, रडला, मेला, हे ज्यांना कमीपणाचं वाटत होतं त्यांची. म्हणून चौथ्या अध्यायात तो सांगतो की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, परीक्षा करा. परीक्षा कोणाची? जो देवाच्या नावाने बोलतो त्याची.

येशूनेही हेच केलं. मत्तयच्या २४ व्या अध्यायात शिष्य जैतुनांच्या डोंगरावर त्याला विचारतात, हे कधी होईल आणि तुझ्या येण्याचं चिन्ह काय? त्याच्या उत्तराचं पहिलंच वाक्य आहे की तुम्हाला कोणी फसवू नये म्हणून सांभाळा. युद्धं, दुष्काळ, भूकंप हे सगळं नंतर येतं. आणि फसवणारे कोणाच्या नावाने येणार? ‘माझ्या नावाने’, असं तो म्हणतो. पुढे २६ व्या वचनात तो आतल्या खोल्यांचा विषय काढतो. ख्रिस्त आतल्या खोल्यांत आहे असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. दार लावून, ‘हे फक्त आपल्यालाच कळलंय’ असं सांगणाऱ्या बैठकांत मी बसलेलो आहे, म्हणून ते वचन वाचताना मला आजही थांबायला होतं. आणि ३६ वं वचन तर असं आहे की त्या दिवसाविषयी आणि त्या घटकेविषयी देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. पुत्राला नाही, आणि तुमच्या गटाला आहे!

शिकलेले फसतात हे मात्र खरं आहे. फक्त कसे फसतात ते बघा. अमेरिकेतल्या विल्यम मिलर यांनी दानीएलाच्या पुस्तकावर वर्षानुवर्षं हिशेब मांडला, त्यांच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, शेतात पीक तसंच सोडून लोक वाट पाहत बसले. कॅलिफोर्नियातले हॅरोल्ड कॅम्पिंग पेशाने इंजिनिअर होते, रेडिओवरून बायबल शिकवत. ख्रिस्त येणार म्हणून आधी सप्टेंबर १९९४ सांगितला, मग २१ मे २०११, तो गेला तेव्हा त्याच वर्षीचा २१ ऑक्टोबर. २०१२ च्या मार्चमध्ये त्यांनी स्वतःच लिहून दिलं की तारीख सांगणं हे पाप होतं. त्यांच्या त्या प्रांजळपणाबद्दल मला आदर आहे. पण २०११ च्या त्या मे महिन्यात माझ्याकडे धर्मशिक्षणाला येणारी एक मुलगी रडत आली होती. मावशीने तिला सांगितलं होतं की तिचे बाबा मिस्सेला जात नाहीत, म्हणून शनिवारनंतर ते तिला दिसणार नाहीत. दहा-अकरा वर्षांचं पोर. तिला कॅलिफोर्नियातल्या कुणाचं पत्र नंतर कोण वाचून दाखवणार होतं?

आणि आमच्या पाखाडीतलं सांगतो. माझ्या अगदी जवळच्या नात्यातलं घर. केळीची आणि पानवेलीची वाडी, मागे बावखल, बाराही महिने पाणी. एक प्रचारक घरी यायला लागला. चांगलं गायचा, आजाऱ्यांवर हात ठेवायचा, त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी स्वतः त्याच्याबरोबर गुडघे टेकले आहेत. मग हळूहळू पैसा, जमीन, शिक्षण या सगळ्याला ‘थोड्या दिवसांच्या गोष्टी’ म्हणणं सुरू झालं. वाडी विकली गेली. मुलाने परीक्षा सोडली. वर्ष आलं, गेलं, प्रचारकाने हिशेब पुढे ढकलला, मग तोही दिसेनासा झाला. त्या जागेवर आता सात मजली इमारत उभी आहे आणि बावखल भरणीखाली गेलं. त्या घरातला म्हातारा पुढे मला एवढंच विचारायचा, देवाचं नाव घेणारा खोटं कसं बोलेल? मी त्याला अनुवाद १८ मधलं वचन वाचून दाखवलं होतं. संदेष्टा परमेश्वराच्या नावाने बोलला आणि ते घडलं नाही, तर ते वचन परमेश्वराचं नव्हे. खूप उशिरा वाचून दाखवलं. म्हणून मी तो लेख लिहिला. लोकांना झोपवायला नाही.

संत इरेनियस दुसऱ्या शतकातले बिशप. योहानाला पाहिलेल्या पॉलिकार्पचं बोलणं त्यांनी लहानपणी ऐकलेलं. प्रकटीकरणात श्वापदाचा म्हणून दिलेल्या ६६६ या आकड्यात कोणतं नाव बसतं यावर त्यांच्या काळीही लोक डोकं चालवत होते. काही प्रतींत तो आकडा ६१६ असा पडला होता, तेही त्यांना ठाऊक होतं आणि ती प्रत त्यांनी चुकीची ठरवली. इव्हान्थास, लाटेइनोस, टेइटान अशी नावं त्यांनी स्वतः तपासली. आणि मग काय केलं? कोणत्याच नावावर बोट ठेवलं नाही. ते नाव आपल्याला आत्ताच कळायला हवं असतं तर ज्याने दर्शन पाहिलं त्यानेच सांगितलं असतं, असं त्यांनी लिहिलं. शेवटचा प्रेषित जाऊन शंभर वर्षंही झाली नव्हती तेव्हा हा संयम. त्या अनीतिमान पुरुषाला आवरून धरणारा असं पौल ज्याला म्हणतो तो कोण, यावर संत ऑगस्टीननेही सरळ सांगून टाकलं की पौलाला काय म्हणायचं आहे ते मला ठाऊक नाही. एवढ्या मोठ्या माणसांना जे सांगता आलं नाही ते व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येतं.

नाव घेऊन बोट दाखवणाऱ्यांचं काय झालं तेही इतिहासात आहे. इंग्लंडमधल्या प्रोटेस्टंटांच्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीत सतराव्या शतकात पोपला ख्रिस्तविरोधक म्हणून लिहून ठेवलं होतं. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीने १९०३ मध्ये ते वाक्य बदललं. आमच्या बाजूच्यांनीही प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरला हीच शिवी परत केली होती, ते मी लपवत नाही. दोन्हीकडचे लोक बायबल उघडूनच बोलत होते.

ज्या बंदरात रोज धोक्याचा बावटा लावतात तिथल्या होड्या खऱ्या वादळाच्या दिवशीही समुद्रात जातात. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा ६७५ वा परिच्छेद मी म्हणूनच लेखात घेतला होता आणि तुम्ही तो ओलांडून पुढे गेलात. ख्रिस्ताच्या येण्याआधी ख्रिस्तसभेला मोठ्या परीक्षेतून जावं लागेल आणि सगळ्यांत मोठी फसवणूक ही धर्माचंच रूप घेऊन येईल, सत्य सोडण्याच्या बदल्यात माणसांच्या अडचणींवर उत्तर असल्याचा भास देईल, आणि त्यात माणूस देवाच्या जागी स्वतःलाच गौरवेल, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. यात झोपवण्यासारखं काय आहे? मला तर हे वाचून झोप येत नाही.

मोबाइलच्या खुणेवर थोडक्यात. प्रकटीकरणाच्या १३ व्या अध्यायात हातावर किंवा कपाळावर श्वापदाची खूण असल्याशिवाय कोणाला खरेदी-विक्री करता येत नाही. आधी बारकोड होता, मग आधार, मग करोनाची लस, आता क्यूआर. प्रकटीकरणाचा १३ वा अध्याय ज्या ओळीवर संपतो त्याच्या लगेच पुढे, १४ च्या पहिल्या वचनात, कोकऱ्याबरोबर उभे असलेल्यांच्या कपाळावर त्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव लिहिलेलं आहे. अध्यायांची ही विभागणी तेराव्या शतकात कोणीतरी वाचायच्या सोयीसाठी केली, योहानाने केलेली नाही. त्याने दोन्ही कपाळं शेजारी-शेजारी ठेवली. कोणाची उपासना करतोस, असा तो प्रश्न आहे. कोळणीला पापलेटचे पैसे कशाने देतोस, असा नाही. तुम्हाला एक खूण दिसते आणि दुसरी दिसत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मरियेबद्दल तुम्ही लिहिलंत त्याला मी उत्तर देणार नाही. त्या विषयावर आधी पुष्कळ लिहून झालंय, आणि ज्या सुरात तुम्ही लिहिलंत त्या सुरात माझ्या घरात कोणी तिच्याबद्दल बोललं तर मी त्याला उठून जायला सांगेन. तुमच्या दुसऱ्या प्रतिक्रियेतल्या गोष्टींवरही आता नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त एक गोष्ट तुम्ही अर्धवट ठेवलीत. गटात सगळ्यांना वर्ष ठाऊक आहे म्हणता, तर ते इथे उघड लिहा, सगळ्या वाचकांसमोर, स्वतःच्या नावासह. आणि ते वर्ष सरलं तर ज्यांनी नोकऱ्या सोडल्या, ज्यांनी वाड्या विकल्या त्यांच्या दारात तुमच्या गटातलं कोण जाणार, तेही लिहा.