‘एएस/४०० हॅकच होत नाही’ म्हणून थेट इंटरनेटवर लावायचं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखानदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, ‘शून्य खर्चात घरून काम’. त्याचं म्हणणं असं: एएस/४०० ला (आयबीएमचा ऑफिसच्या कामाचा मोठा कॉम्प्युटर, बिलिंग-डिस्पॅच त्यावर चालतं) व्हायरस लागत नाही, ते हॅक होत नाही. त्यातला डेटा ईबीसीडीकमध्ये असतो, बाहेरच्याला तो वाचता येत नाही. कामगाराला दिलेल्या मेनूच्या बाहेर जाताच येत नाही. तेव्हा व्हीपीएनवर (इंटरनेटवरून ऑफिसपर्यंतचा सुरक्षित खासगी रस्ता) लाखभर रुपये घालवू नका, राउटरच्या डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारं सगळं एकाच मशिनकडे पाठवणारी सेटिंग) मशिनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाका आणि घरून टेलनेट करा, म्हणजे लांबून त्याची स्क्रीन उघडा.

माझी भाची एका फौंड्रीत डिस्पॅच बघते. तिने मेसेज पाठवून विचारलं, "मामा, खरं आहे का हे? मालकांनी राउटरवाल्याला बोलावलंय." तिला फोनवर सांगितलंच, पण मेसेज अजून फिरतोय म्हणून सगळ्यांसाठी लिहितोय.

आधी ईबीसीडीक, कारण इतकं चुकीचं विधान इतक्या ठामपणे केलेलं मी बघितलं नव्हतं. ईबीसीडीक म्हणजे कुलूप नाही. अक्षरांना आकडे द्यायची ती आयबीएमची जुनी पद्धत आहे, १९६४ च्या सिस्टिम/३६० पासूनची. ‘ए’ला सी१, ‘बी’ला सी२, शून्याला एफ०. हा तक्ता छापील मॅन्युअलमध्ये असतो, इंटरनेटवर फुकट मिळतो. वायरशार्क नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. त्यात टेलनेटची वाहतूक पकडायची, यादीतून ईबीसीडीक निवडायचं, की पार्टीचं नाव, कास्टिंगचा रेट, चलनाचा नंबर, सगळं सरळ वाचता येतं. साइन-ऑनच्या हिरव्या स्क्रीनवर पासवर्ड टाइप करताना दिसत नाही, म्हणून तो लाइनवरून जातानाही दिसत नाही असं कुणी समजू नये. साध्या टेलनेटमध्ये तो उघडाच जातो.

आता ‘हॅक होत नाही’. यात अर्धं खरं आहे, तेवढं नाइलाजाने मान्य करतो. १९८८ साली हे मशिन बाजारात आलं तेव्हापासून त्याची रचना वेगळी आहे. डेटाची फाइल प्रोग्रॅम म्हणून चालवता येत नाही, सुरक्षेची सेटिंग (सिक्युरिटी लेव्हल) ४० वर असेल तर बाहेरच्या प्रोग्रॅमला आतल्या गोष्टींना हात लावणं अवघड जातं, आणि विंडोजचा व्हायरस त्यावर चालत नाही. (चालत नसला तरी शेअर केलेल्या फोल्डरमधल्या फाइली बाधित पीसीवरून लॉक होतात, हे मेसेजवाल्याने सोडून दिलंय.) पण ‘अवघड’ म्हणजे ‘अशक्य’ नव्हे.

खुद्द आयबीएमने २०२३ मध्ये जाहीर केलेला दोष बघा, सीव्हीई-२०२३-३०९९० (सॉफ्टवेअरमधल्या दोषांच्या यादीतला नंबर). या मशिनच्या ऑपरेटिंग सिस्टिमची व्हर्जन ७.२ ते ७.५. डीडीएम नावाच्या, दुसऱ्या मशिनवरून डेटा वाचू देणाऱ्या सेवेतून, लॉगिन न करता, लांबून कुणीही क्यूयूजर या प्रोफाइलच्या (मशिनवरच्या युजर खात्याच्या) नावाने मशिनवर कमांड चालवू शकतो. मशिन बनवणारी कंपनीच हे सांगतेय! डीडीएमचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचा दरवाजा, ४४६. आणि डीएमझेडमध्ये आयपी टाकला की टेलनेटचा २३ एकटा उघडत नाही, ४४६ सकट मशिनवर चालू असलेले सगळे पोर्ट बाहेर येतात. आयबीएमने त्यावर पीटीएफ (दुरुस्तीचं सॉफ्टवेअर) दिला, पण तो टाकला असेल तर. आणि ७.१ चा नियमित सपोर्ट ३० एप्रिल २०१८ लाच संपला. आपल्याकडे ‘चालतंय तोवर हात लावू नका’ म्हणून कोपऱ्यात ठेवलेली जुनी मशिन आहेत, त्यांचं काय?

मेनूचा मुद्दा माझ्या भाचीच्या गळ्याशी येणारा आहे, म्हणून त्यावर थांबतो. मेनूचं बंधन हिरव्या स्क्रीनपुरतं असतं. तोच युजर आयडी आणि तोच पासवर्ड एक्सेलमध्ये ओडीबीसीला (एक्सेलला डेटाबेसशी जोडणारी सोय) दिला की मेनू मध्ये येतच नाही, थेट फाइल दिसते. एफटीपीनेही (फाइली पाठवायची जुनी पद्धत) फाइल उतरवता येते. युजरला कमांड देण्यापासून रोखणारी ‘लिमिटेड केपेबिलिटी’ ही सेटिंग लावलेली असली तरी ती कमांड लाइन अडवते, डेटा नाही. शिवाय नवी फाइल तयार होताना सगळ्यांना बदल करायचा अधिकार मिळतो, ही मूळ सेटिंग बऱ्याच ठिकाणी कुणी बदललेलीच नसते. म्हणजे डिस्पॅचच्या मुलीचा पासवर्ड चोरणारा सगळ्या पार्ट्यांचे रेट उतरवू शकतो, बदलूही शकतो. आणि नोंदीत नाव कुणाचं? तिचं.

पासवर्ड ओळखणंही फार कठीण नाही. साइन-ऑन स्क्रीन मुळात ‘असा युजर नाही’ आणि ‘पासवर्ड चुकला’ असे दोन वेगळे संदेश देते, त्यातून खरी नावं गाळून घेता येतात. चुकीच्या प्रयत्नांनंतर प्रोफाइल बंद व्हावं अशी सेटिंग असेल, तर बाहेरचा माणूस सगळ्यांची प्रोफाइल बंद पाडून तुमचं डिस्पॅच अडवू शकतो.

राहिला खर्च. घरून काम लागतंच, त्याला माझा विरोध नाही. जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी चढलं आणि शिरोलीजवळ हायवे बंद झाला, तेव्हा घरून बिलिंग होणं किती गरजेचं होतं हे इथे कुणाला सांगायला नको. पण व्हीपीएनला लाखभर लागतात हे खोटं आहे. वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लिनक्सच्या साध्या पीसीवर चालतं. कित्येक ऑफिसांच्या फायरवॉलमध्ये व्हीपीएन आधीपासून आहे, फक्त चालू केलेलं नाही. त्याच्या आतून टेलनेट ९९२ पोर्टवर टीएलएससह (मधल्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून कुलूपबंद करून) चालवा, त्याला लागणारं सर्टिफिकेट बनवायची सोय मशिनमध्येच आहे.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच पोर्ट उघडलाय त्यांनी डीएमझेड आजच काढावा. मग क्यूसेकऑफर (मशिनवरचं सगळ्यात जास्त अधिकाराचं प्रोफाइल) धरून सगळे पासवर्ड बदला, आणि युजरचं नावच पासवर्ड असलेली प्रोफाइल शोधणारी एएनझेडडीएफटीपीडब्ल्यूडी ही कमांड चालवा. ऑडिट जर्नल (मशिनवर काय घडलं याची नोंदवही) चालू असेल तर त्यातल्या ‘पीडब्ल्यू’, म्हणजे चुकलेल्या पासवर्डच्या, नोंदी काढा. बाहेरून कुणी किती वेळा पासवर्ड लावून बघितला ते तिथे दिसेल. कुणी आत शिरल्याचं आढळलं तर सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ६ तासांत त्यांना कळवावं लागतं आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात, त्यामुळे घाबरून ते पुसू नका.