पोरगं मोजतात ते फक्त बिलात

रिझर्व्ह्ड म्हणे! सूर्य अजून बुडायचाय, हॉटेलची गच्ची, कठड्याला लागून ओळीनं टेबलं मांडलेली, एकाही टेबलावर माणूस नाही, नुसत्या पितळी वाडग्यांत गुलाबाच्या पाकळ्या तरंगतायत, समोर अख्खा पिछोला तलाव पसरलाय, आणि तो वेटर आधी आमच्या पोराकडे बघतो, मग आमच्याकडे, मग परत पोराकडे आणि म्हणतो, "मॅडम, आप अंदर बैठिए, बच्चे को हवा नहीं लगेगी." अंदर म्हणजे कुठे, तर जिन्याशेजारची खोली. खिडकी आहे तिला, नाही असं नाही, पण खिडकीसमोर पाण्याची काळी टाकी. तलाव बघायला उदयपूरला आलो आणि बघायला मिळाली टाकी, म्हणजे पाणी होतंच म्हणा.

मी विचारलं, रिझर्व्ह्ड कुणासाठी? तर "कपल आनेवाले हैं." सगळ्या टेबलांवर? "हां जी." अहो मग आम्ही कोण आहोत? आम्ही पण कपलच आहोत की, लग्न झालंय रीतसर, आणि पुरावा हवा असेल तर तो हा इथे उभा आहे साडेतीन वर्षांचा, नाकात बोट घालून! पण नाही. मूल सोबत असलं की तुम्ही कपल राहत नाही, तुम्ही 'फॅमिली' होता, आणि फॅमिलीची जागा टाकीसमोर. त्यांना भीती काय, तर पोरगं रडेल, काहीतरी सांडेल आणि बाजूच्यांच्या रीलमध्ये त्याचा आवाज येईल. आणि आमचे हे, कायम 'जाऊ दे ना' पक्षाचे आजीव सभासद, म्हणे "जाऊ दे ना, जेवायचंच आहे ना." जेवायचंच असतं तर घरी पोळीभाजी खाल्ली असती की, त्यासाठी रात्रभर ट्रेनमध्ये कशाला कुचंबलो असतो?

बसलो आत. दार उघडंच होतं त्यामुळे बाहेरचा सगळा सिनेमा दिसत होता. सूर्य बुडाला तोवर त्या रिझर्व्ह्ड टेबलांपैकी निम्मी रिकामीच. मग एक जोडपं आलं, एक कोल्ड कॉफी, दोन स्ट्रॉ, आणि पुढचा अर्धा तास ती मुलगी कठड्याला टेकून केस उडवतेय आणि तो वाकून, बसून, जवळजवळ झोपून व्हिडिओ काढतोय. काढा, माझं काही म्हणणं नाही. पण आम्ही भाजी, डाळ, रोट्या, भात, पोरासाठी वेगळी खिचडी, दोन लस्सी असं बिल करूनही टाकीसमोर, आणि ते एका कॉफीवर तलावासमोर! धंदा तरी नीट करा रे.

खिचडीचं सांगतेच. तीन-तीनदा बजावलं, मिर्ची बिलकुल नहीं, बच्चे के लिए है. आली. वर फोडणीत दोन अख्ख्या लाल मिरच्या. म्हटलं हे काय, तर "मॅडम वो तो सिर्फ डेकोरेशन है, निकाल दीजिए." एका घासात पोराचे डोळे भरले. मग 'किड्स मेन्यू' मागवला तर त्यात काय, फ्रेंच फ्राइज आणि पास्ता, पास्त्यावर मिरपूड भुरभुरवलेली, आणि मोठ्यांच्या पास्त्यापेक्षा पन्नास रुपयेच कमी. बेबी चेअर मागितली तर पट्टा तुटलेली आली, पुढचा ट्रे गायब, आणि सीटच्या फटीत कुणाच्यातरी पोराची कधीकाळची वाळलेली शेव. माझ्या ओढणीनं पोराला खुर्चीला बांधला आणि उरलेला वेळ गळा उघडा टाकून डिसेंबरच्या थंडीत बसले. म्हणजे हवा कुणाला लागली बघा.

आणि हे हॉटेल बुकिंगच्या साइटवर काय लिहितं तर 'फॅमिली फ्रेंडली', आणि त्याच्या खालीच 'कपल्सना हे लोकेशन फार आवडलं'. तेव्हाच ओळखायला हवं होतं असं आता सगळे म्हणतायत. पाच वर्षांखालचं मूल फ्री, हेही तिथेच लिहिलेलं. काउंटरवर आलो तर त्याचं आधार कार्ड बघून झालं, मग म्हणे एक्स्ट्रा बेड कंपल्सरी, पंधराशे रुपये. फ्री मूल आहे पण मुलाला बेड फ्री नाही. बरं, बेड तरी? बेड नाहीच! गादी. तीसुद्धा कपाट आणि बाथरूमच्या मध्ये जमिनीवर टाकलेली, त्यामुळे बाथरूमचं दार अर्धंच उघडायचं आणि रात्री उठलं की अंग चोरून आडवं शिरायचं. पोरगं अर्थातच आमच्या दोघांच्या मध्ये आडवं झोपलं, एक पाय माझ्या बरगडीत. पंधराशे रुपयांच्या गादीवर आमची बॅग झोपली. निवांत.

माझं म्हणणं एवढंच आहे, मूल एकतर मोजा नाहीतर मोजू नका, एक काय ते ठरवा. रेल्वेत पाच वर्षांखाली तिकीट नाही म्हणून बर्थ नाही, ठीक आहे, निदान हिशोब सरळ आहे, पैसे नाही तर जागा नाही. पाचच्या पुढे बर्थ हवा तर २०१६ पासून पूर्ण भाडं, तेही समजलं. विमानात दोन वर्षं झाली की अख्खी सीट घ्या, घेतो बाबा. पण इथे? पैसे घेताना तो माणूस, आणि जागा देताना अडचण!

बोटीत तेच. त्याचंही तिकीट काढलं, मोठ्यांच्या जवळपास तेवढंच. मग लाइफ जॅकेट दिलं ते मोठ्या माणसाचं. पोराच्या कानापर्यंत वर आणि गुडघ्यापर्यंत खाली, आत बघितलं तर मधे कुठेतरी डोळे. छोटा साइज? "छोटा नहीं है, पकड के बैठिए." पकड के बैठिए!! पाण्यात पडला तर जॅकेट वर राहील आणि पोरगं खालून निसटेल, हे त्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. सगळी चक्कर मी दोन्ही हातांनी त्याला आवळून बसले होते, तळ्यातल्या बेटावरचा महाल जगमंदिर आला, त्याचे दगडी हत्ती आले, सगळे बोटीच्या एका बाजूला फोटोला धावले, मला विचाराल तर मला फक्त एक निळं जॅकेट आठवतंय.

बोटवाला मात्र गोष्ट छान सांगत होता, ते मान्य. म्हणजे अशी की राजपुत्र जगतसिंगाला जगमंदिरात चांदण्या रात्री मैफल करायची होती, बापानं नाही म्हटलं आणि वर टोमणा मारला, एवढंच असेल तर स्वतःचा महाल बांध. पठ्ठ्या गादीवर आला आणि बांधला की तळ्याच्या मधोमध, जगनिवास, १७४६ साली तयार. तोच आताचा लेक पॅलेस हॉटेल. (आमच्या चिरंजीवांनी बघून विचारलं, "आई, ती बिल्डिंग बुडली का?") याला म्हणतात राग. मला टेबल नाकारलं तर मी काय केलं? दाणदाण पाय आपटत आत जाऊन बसले आणि रोटी एक्स्ट्रा मागवली. आणि मग रात्री रजईत तोंड खुपसून, पोरगं उठू नये म्हणून ब्राइटनेस एकदम कमी करून, हॉटेलला एक स्टार दिला. मेवाडचा इतिहास आणि मी.

बाकी गावाबद्दल माझी तक्रार नाही, गाव सुरेखच आहे. पण बाबागाडी घेऊन जाणार असाल तर घरीच ठेवा. सिटी पॅलेसमधल्या त्या अरुंद बोळकांड्या, बुटकी दारं, चक्राकार जिने शत्रू एकदम आत घुसू नये म्हणून केलेत म्हणतात, आणि काम अजून चोख चालू आहे, मी आणि बाबागाडी दोघीही अडकलो. आणि बरोबर तिथे, पुढे वीस माणसं, मागे पन्नास, वळायला जागा नाही, तिथे आमच्या राजांना शू लागली. मोराच्या चौकात काचेचे ते जगप्रसिद्ध मोर मी पळत पळत पाहिलेत. जगदीश मंदिराला बत्तीस पायऱ्या, एकदम उभ्या, पोरगं कडेवर, गाडी नवऱ्याच्या खांद्यावर, आणि मधल्या पायरीवर कुणीतरी लेहंगा पसरून फोटोशूट. "दीदी, दो मिनट." दो मिनट काय दो मिनट, देवळाची वाट आहे ती!

आणि ते लोक, जे प्रत्येक वेळी म्हणतात, "एवढ्या लहान पोराला कशाला नेता, त्याला काय आठवणार आहे?" त्याला नाही आठवणार, मला आठवेल ना! मी माणूस आहे की नाही? मूल झालं की आईबापांनी दहा वर्षं फक्त कॉलनीच्या बागेतल्या घसरगुंडीशेजारी उभं राहायचं का? माझी नणंदबाई त्यातलीच. ह्या हॉटेलचं नाव तिनंच दिलेलं, "इतकं शांत, इतकं रोमँटिक!" असेल, तुम्ही दोघंच गेला होतात.

निघताना बिल बघितलं तर त्यात 'चाइल्ड, हाय टी, तीनशे पन्नास'. हाय टी! ज्या वेळी तो हाय टी होता त्या वेळी चाइल्ड माझ्या मांडीवर घोरत होतं. मग मात्र मी सुरू झाले. आता माझं हिंदी रागात पार मराठी होतं, "ये चलनेका नहीं, हमने कुछ खाया नहीं तो पैसा कशाला देनेका, मॅनेजर को बुलवाओ आत्ताच्या आत्ता." मॅनेजर आले, कॉम्प्युटरमध्ये बघितल्यासारखं केलं, सिस्टममध्ये ऑटोमॅटिक लागतं म्हणाले. म्हटलं ऑटोमॅटिक काढा मग. मागे हे, "जाऊ दे ना, गाडी चुकेल." बाहेर रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारतोय. मारू दे. मी सोफ्यावर बसले, पोराला मांडीवर घेतलं, आणि तीनशे पन्नास वजा करून नवं बिल छापून, वर शिक्का मारून हातात येईपर्यंत उठले नाही.