पदवीनंतर मुलांचं काय झालं, ते विद्यापीठानं छापावं

बारावीनंतर प्रवेश घेताना आईबाप कट-ऑफ बघतात, फी बघतात, नॅकची श्रेणी विचारतात. पण त्याच कॉलेजातून त्याच विषयात पदवी घेतलेली मुलं दोन-तीन वर्षांनी किती कमावतात, घरावर किती कर्ज चढलंय, हे विचारायचं कुणाला? माझं स्पष्ट मत आहे की सार्वजनिक विद्यापीठांनी ही माहिती कॉलेजवार, विषयवार दरवर्षी छापली पाहिजे.

एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी, तिच्या संकेतस्थळावर पगाराचा मध्यक (अर्ध्यांचा पगार याहून कमी, अर्ध्यांचा जास्त) मिळतो. पण तो संस्थेनं स्वतः भरलेला, आणि नोकरी लागलेल्यांचाच. विद्यापीठाच्या नावापुढे जो आकडा असतो त्यात संलग्न कॉलेजं धरलेली नसतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची बहुसंख्य मुलं तर तिथेच शिकतात. पाथर्डीत किंवा कळवणला बी.ए. करणाऱ्या मुलीला त्या आकड्यातून काय कळणार?

बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा हिशेब निदान मांडता येतो. ४ लाख कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षं मुदत धरली तर हप्ता साधारण ५,३०० रुपये. पहिली नोकरी १८ हजारांची असेल तर पुण्यात कॉट बेसिसवर राहून, मेसचे पैसे देऊन हातात काय उरतं ते ज्याचं त्याला माहीत.

मला जास्त काळजी वाटते ती बँकेत न दिसणाऱ्या कर्जाची. बी.ए., बी.कॉम.ची फी कमी, म्हणून कर्ज काढावं लागत नाही. खर्च सुरू होतो पदवीनंतर. सदाशिव पेठेत, नवी पेठेत खोली, अभ्यासिका, एमपीएससीचा क्लास, एक जाहिरात, मग पुढची जाहिरात. पैसा येतो आईच्या सोनेतारणातून, पतसंस्थेतून, सोसायटीच्या पीककर्जातून. सातबाऱ्यावर बोजा शेतीच्या नावानं चढतो आणि खर्च झालेला असतो मुलाच्या शिक्षणावर. हे कर्ज शिक्षणाच्या कुठल्याच खात्यात मोजलं जात नाही. पदवीधरांना थेट विचारलं तरच ते कळेल, म्हणून सर्वेक्षणात हा प्रश्न हवाच.

अमेरिकेत सरकारनं २०१३ मध्ये कॉलेज स्कोअरकार्ड नावाचं संकेतस्थळ सुरू केलं आणि २०१५ पासून त्यात कमाईचे आकडे द्यायला सुरुवात केली. सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांची माहिती कर खात्याच्या नोंदींशी जोडून कमाई आणि कर्जाचे मध्यक तिथे कुणालाही बघता येतात. एकट्यादुकट्याचं नाव बाहेर येत नाही. आपल्याकडे नोकरदारांचे ईपीएफओचे यूएएन (भविष्य निर्वाह निधीचे क्रमांक) आहेत, विद्यार्थ्यांच्या एबीसी आयडी (श्रेयांक नोंदवणारे ओळख क्रमांक) आहेत. शेती, दुकान, रिक्षा यांवरची कमाई त्यात येणार नाही, तेवढ्यासाठी पुन्हा सर्वेक्षणच लागेल. पण सुरुवात करायला अडचण काय?

प्राध्यापक मित्र म्हणतात, असे आकडे छापले तर उद्या मराठी, इतिहास, तत्त्वज्ञानाचे विभाग बंद करा म्हणतील. ही भीती खरी आहे, आणि तसा प्रयत्न झाला तर मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन. पगार कमी म्हणून विषय हलका ठरत नाही. तिथल्या मुलांना शिष्यवृत्ती, वसतिगृह, पदवीसोबत हातात येईल असं कौशल्य द्यावं, ही मागणी त्या आकड्यांच्याच जोरावर करता येईल. माहिती दाबून ठेवली तर फटका बसतो तो ज्याच्या घरात आधी कुणी पदवीधर नाही त्यालाच. ओळखीपाळखी असलेल्या घरांना सगळं आधीच कळलेलं असतं.

नोंदणीकृत पदवीधरांतून १० जण विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) निवडून जातात. पदवीधर म्हणून नाव नोंदवलं नसेल तर नोंदवा, आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पॅनेलला विचारा की हा अहवाल काढण्याचा ठराव तुम्ही मांडणार का.