रायुडूला पळपुटा म्हणण्याआधी

आज ३ जुलै. सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी क्रिकेटपटू अंबाती रायुडूचा जुना फोटो टाकला. २०१९ साली आजच्याच दिवशी त्यानं निवृत्ती जाहीर केली होती. खाली एका सहकाऱ्यानं लिहिलं, "पळपुटा. टीममध्ये घेतलं नाही म्हणून रुसून बसला." त्यावर सात-आठ जणांचे हसरे चेहरे. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्याशी भांडले. डबा तसाच घरी परत आला. आता लेकाला झोपवून हे लिहायला बसलेय, कारण तो एक शब्द सकाळपासून घशात अडकलाय. पळपुटा.

माझ्या दादालाही हाच शब्द लावला होता लोकांनी.

आधी रायुडूचं सांगते. ऑक्टोबर २०१८ मध्ये कॅप्टन कोहलीनं उघड सांगितलं होतं की बॅटिंगला चौथ्या नंबरवर रायुडू आहे आणि २०१९ च्या वर्ल्ड कपपर्यंत त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं. त्याच महिन्याच्या शेवटी मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वेस्ट इंडिजविरुद्ध त्यानं शंभर मारले. रोहितनं १६२ केले त्या दिवशी, म्हणून सगळ्यांना रोहितच आठवतो. मग ३ फेब्रुवारी २०१९, न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन. रविवार होता. दादाचा सकाळीच फोन आला, "बघतीस का? १८ वर ४ गेले." रोहित, धवन, शुभमन गिल, धोनी, चौघं अठरा धावांत आउट. रायुडू एका टोकाला उभा. त्यानं विजय शंकरला बरोबर घेऊन ९८ जोडले, मग आपल्या पुण्याच्या केदार जाधवबरोबर ७४. ९० करून आउट झाला, आपण मॅच जिंकलो, सामनावीर तोच. फोन ठेवताना दादा म्हणाला, "आता ह्याला कोण काढत नाही."

काढलं. मायदेशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध हैदराबादला १३, नागपूरला १८, रांचीला २. तीन डाव. पुढच्या दोन मॅचना बाहेर. १५ एप्रिलला मुंबईत वर्ल्ड कपचा संघ जाहीर झाला, त्यात नाव नाही. त्याच्या जागी विजय शंकर, कारण तो बॅटिंग, बोलिंग, फील्डिंग अशा तिन्ही बाजूंनी, म्हणजे 'थ्री डायमेन्शन्स'मध्ये उपयोगी, असं निवड समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं. रायुडूनं वर्ल्ड कप बघायला थ्री-डी चष्मा मागवल्याचं ट्विट केलं. देश हसला. तेवढंच एक ट्विट लोकांच्या लक्षात राहिलं. ५५ वन-डे आणि ४७ ची सरासरी कुणाच्या लक्षात नाही.

आता दादाचं. आम्ही कराडचे. २००३ साल. दादा एकोणीस वर्षांचा, मधल्या फळीत खेळायचा. जिल्ह्याच्या निवड चाचणीत त्यानं सत्तरच्या वर धावा केल्या होत्या आणि सरांनी पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, "पांढरे कपडे धुऊन ठेव." एवढंच वाक्य. त्या वाक्यावर आमचं घर आठवडाभर चाललं. आईनं पँटच्या गुडघ्यावरचा लाल मातीचा डाग ब्रशनं घासघासून काढला, नीळ घातली, वाळत घातलेली पँट तीनदा उलटीपालटी केली. मी तेरा वर्षांची. दादाच्या बुटांना खडू लावायचं काम माझ्याकडे होतं. पहाटे साडेपाचला मैदानावरून जिल्ह्याच्या संघाची क्रूझर निघणार होती. अण्णांनी त्याला एम-एटीवर मागे बसवून नेलं, किटची पिशवी दोघांच्या मध्ये. आईनं धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती.

पुढचं मला अण्णांनी सांगितलं, तेही पुष्कळ वर्षांनी. दादानं पिशवी क्रूझरच्या टपावर चढवली. सर हातात कागद घेऊन उभे होते. पोरं एकेक करून बसली. दादा बसायला गेला तर सर म्हणाले, "तू थांब जरा." मग एक मुलगा रिक्षातून आला आणि बसला. सर पुढच्या सीटवर जाऊन बसले. ड्रायव्हर टपावरच्या पिशव्यांना दोरी बांधत होता. त्यानं वरूनच विचारलं, "ही पिशवी कुणाची हाय रं? ह्यो पोरगा येत न्हाई म्हणं." आणि ती पिशवी त्यानं खाली दिली.

त्या ड्रायव्हरनं सांगितलं माझ्या भावाला की तो संघात नाही. सरांनी नाही. काच खाली करून सुद्धा नाही.

त्या सरांचं आणि संघटनेचं नाव मी इथे लिहिणार नाही. कमेंटमध्ये कुणी विचारू नका.

रायुडूकडे परत येते, कारण मला राग त्याच गोष्टीचा आहे. त्याला संघात घेतलं नाही, ठीक. निवडकर्त्यांचा अधिकार आहे तो, पंधराच जण नेता येतात. पण दोन दिवसांनी त्याचं नाव राखीव यादीत टाकलं. राखीव म्हणजे काय हो? म्हणजे कपडे धुऊन ठेव. मग धवनचा अंगठा मोडला. ऋषभ पंत गेला. तोही राखीव यादीतलाच होता, चला, मानलं. मग विजय शंकरच्याच पायाला लागलं. ज्या माणसासाठी रायुडूला बाजूला ठेवलं होतं तोच परत आला. आता तरी? आता बोलावलं मयंक अगरवालला. तोवर एकही वन-डे न खेळलेला मयंक. सलामीवीर हवा होता म्हणे. मयंकचा यात काही दोष नाही, चांगला पोरगा आहे. पण राखीव यादीत नाव असलेला माणूस घरी टीव्हीसमोर बसलाय आणि यादीबाहेरचा विमानात बसतोय, हे त्या माणसाला कोणत्या तोंडानं समजावणार? दोनच दिवसांत रायुडूनं बोर्डाला मेल करून निवृत्ती कळवली. तेहतिसाव्या वर्षी.

आणि आपण त्याला पळपुटा म्हणतो. अरे, त्याची पिशवी टपावरून खाली दिली होती रे!

२०१५ चा वर्ल्ड कप आठवतो कुणाला? रायुडू तेव्हा संघात होता. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला गेला, एकही मॅच न खेळता परत आला. तेव्हा रुसला नाही. गप्प बसून पाणी दिलं. २००४ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या भारतीय संघाचा कॅप्टन होता तो, आणि पहिली वन-डे खेळायला त्याला २०१३ उजाडलं, हरारेला, सत्ताविसाव्या वर्षी. नऊ वर्षं वाट बघितलेल्या माणसाला धीर नाही म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

हो, त्याच्याही चुका आहेत. बोर्डाची मान्यता नसलेल्या बंडखोर लीगमध्ये गेला होता. यो-यो नावाच्या फिटनेस टेस्टमध्ये नापास झाला होता. वर्ल्ड कप सहा-सात महिन्यांवर असताना रणजी आणि चार दिवसांचं क्रिकेट सोडलं, ते मलाही पटलं नव्हतं. डोकं गरम होतं त्याचं, हे मैदानावर सगळ्यांनी पाहिलंय. झालं? मोजल्या चुका. तरी निवड समितीचं एक फोन करायला काय जात होतं?

दुपारी तो सहकारी मला म्हणाला, "अमोल मुजुमदार बघ. पद्माकर शिवलकर बघ. ते रुसले का?" दोघंही मुंबईचे खेळाडू. म्हणजे आपलीच माणसं माझ्या तोंडावर फेकली.

शिवलकरांच्या नावावर प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि भारताची टोपी नाही. त्यांच्यासारखेच डावखुरे फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदी संघात होते म्हणून. अमोल मुजुमदार रणजी पदार्पणात फरीदाबादला २६०, पुढे अकरा हजारांवर धावा, एक कसोटी नाही. शाळकरी वयात, तेंडुलकर आणि कांबळी ६६४ ची भागीदारी करत होते तेव्हा, पॅड बांधून बसला तो बसलाच. शेवटी मुंबई सोडून आसामला गेला, आंध्रला गेला. २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या मुलींनी डीवाय पाटीलवर वर्ल्ड कप जिंकला तेव्हा कोच म्हणून तो तिथे उभा होता. मी टीव्हीसमोर ढसाढसा रडले, माझा लेक घाबरला होता. या दोघांबद्दल मला जेवढा आदर आहे तेवढा माझ्या नात्यातल्या कित्येकांबद्दल नाही.

पण म्हणून सगळ्यांनी तेच करायचं? शिवलकरांनी सोसलं हा शिवलकरांचा मोठेपणा. तो निवड समितीच्या खात्यात कसा काय जमा होतो? आपण सोसणाऱ्याचे फोटो लावतो आणि ज्याला सोसवत नाही त्याला रडका म्हणतो. यादी करणाऱ्याकडे मात्र कुणी मान वळवून बघत नाही. आमच्या गल्लीतही हेच झालं. दादानं त्यानंतर तीन महिने नेट प्रॅक्टिसला जाऊन पाहिलं. मग एका संध्याकाळी बॅट माळ्यावर टाकली आणि आयटीआयचा फॉर्म भरला. गल्लीतले काका-मामा म्हणाले, "दम नाही पोरात. एकदा नाव नाही आलं तर एवढं?" सरांना कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी गणपतीत त्याच सरांच्या हस्ते बक्षिसं वाटली. आईनं त्यांना चहा नेऊन दिला. माझ्या आईनं!

खूप चिडून लिहितेय, माहितेय. थांबले होते, पाणी पिऊन आले.

त्या दिवशी दादा नि अण्णा सात वाजता परत आले. अण्णांनी एम-एटी स्टँडला लावली आणि नळाखाली पाय धूत बसले, कितीतरी वेळ. दादा सरळ वर गेला. डबा ओट्यावर तसाच. दुपारी मी तो उघडला आणि एक धपाटं खाल्लं, आणि आईनं मला पाहिलं आणि काहीच बोलली नाही. ते धपाटं मी खायला नको होतं असं मला अजून वाटतं. कपडे मात्र आईनं पुन्हा धुतले. एकदाही न वापरलेले.

आणि हेही लिहायला हवं की रायुडूनं दोन महिन्यांच्या आत निवृत्ती मागे घेतली. निर्णय भावनेच्या भरात झाला होता असं त्यानं हैदराबादच्या क्रिकेट संघटनेला कळवलं. माझा सहकारी हे नाचवून दाखवत होता. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. माणूस चिडला, दुखावला, मग मैदानाची ओढ लागली, परत आला. भारताकडून पुन्हा कुणी बोलावलं नाही, तरी खेळत राहिला. २०२३ च्या आयपीएल फायनलला धोनीच्या चेन्नईकडून खेळताना मोहित शर्माला ओळीनं सहा, चार, सहा मारून गेला, ८ चेंडूंत १९. धोनीनं ट्रॉफी घ्यायला त्याला आणि जाडेजाला पुढे बोलावलं. ती त्याची शेवटची मॅच होती. धोनी तिथे जे वागला तेवढंच मागतेय मी. समोर बघून, नाव घेऊन बोलवा. काढायचं असेल तेव्हाही समोर बघून, नाव घेऊन सांगा.

२०१९ च्या त्या वर्ल्ड कपात मँचेस्टरच्या सेमीफायनलला २४० चा पाठलाग करताना आपले ५ वर ३ गेले तेव्हा रायुडू असता तर जिंकलो असतो असं मी म्हणत नाही. कुणालाच माहीत नाही ते. त्या दिवशी दादानं फोन केला नाही. मीही केला नाही.

दादाचं आता कराडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. चांगलं चालतं. शेतकऱ्यांचे पंप जळले की रात्री अकराला सुद्धा शटर उघडतो. दरवर्षी खंडेनवमीला तो दुकानातली हत्यारं पुसून मांडतो, पक्कड, पाने, मीटर, वाइंडिंगचं मशीन. आणि त्यांच्या शेजारी ती बॅट. हळदकुंकू, झेंडूचं फूल. माझ्या वहिनीनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं, ही कशाला? दादा म्हणाला, हत्यारच आहे. बॅटची मूठ सैल झालीय, रबर वितळून चिकट झालंय, पण पात्याला तो दर वर्षी तेल लावतो.

संध्याकाळी मी त्याला फोन करून विचारलं, तुझ्याबद्दल लिहू का रायुडूच्या पोस्टमध्ये? म्हणाला, "लिही की. माझं काय, झालं ते झालं. सरांचं नाव नको टाकू, म्हातारे झालेत आता. मागच्या महिन्यात त्यांचा पंप आणला होता." मी विचारलं, पैसे घेतलेस? म्हणाला, "घेतले. का नाही घ्यायचे?" मग आईच्या गोळ्यांचं बोलला, लेकाच्या शाळेचं विचारलं, ठेवला फोन.

दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला.

"वेलिंग्टनचे ९० लिहिशील तेव्हा १८ वर ४ होते ते पण लिही. लोक विसरतात."