मुलांना एकसारखं कसं करावं

पोरं हल्ली फार स्वतःला व्यक्त करायला लागली आहेत, असं तुम्हाला वाटतं ना? कुणी केसांत रेघ मारून येतो, कुणाच्या हातावर मेंदी, कुणाच्या मनगटात सात रंगांचे दोरे. घाबरू नका. शिकवून माणूस बदलायला वर्षं लागतात. कापडाने सोमवारीच फरक दिसतो.

सुरुवात गावच्या शिंप्याला बाजूला करून करा. हा इसम मोठा घातकी. तिसरीतला कोणता पोरगा यंदा उभा सुटलाय आणि पाचवीतली कोणती पोरगी गेल्या दिवाळीपासून तेवढीच आहे, हे त्याला टेप न लावता कळतं. पुढच्या जूनसाठी पँटच्या खाली दोन बोटं कापड तो गुपचूप आत दुमडून ठेवतो. एकेका पोराचा असा वेगळा विचार होऊ लागला तर समतेचं काय होणार?

दोन गणवेशांचे सहाशे रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे, आणि समितीने गावात किंवा तालुक्याला शिवून घ्यायचे, ही जुनी पद्धत. तीत एकच खोट होती: जरा ढगळ झालं तर आई शिंप्याच्या दारात जाऊन भांडू शकत होती. म्हणून २०२४ साली महाराष्ट्राने ‘एक राज्य, एक गणवेश’ आणला. आकाशी शर्ट, गडद निळी पँट. कापड वरून येणार, शिलाई महिला बचत गटांकडे. आता भांडायचं तर आईने मंत्रालय गाठावं. जूनमध्ये शाळा भरल्या, पंधरा ऑगस्ट आला, तरी कित्येक पोरं जुन्याच कपड्यांत झेंड्याखाली. ज्यांना मिळाले त्यांत कुणाचा शर्ट आखूड, कुणाची पँट दोघांना पुरेल अशी. डिसेंबरात सरकारने अधिकार पुन्हा समित्यांना देऊन टाकले. तुम्ही असा कच खाऊ नका.

कुणी व्यक्तिस्वातंत्र्याचं काढलं, की लगेच म्हणा, ‘गणवेशामुळे गरीब-श्रीमंत भेद मिटतो.’ या वाक्यापुढे कुणाचं चालत नाही. मात्र ते शाळेच्या आवारातच म्हणा, रस्त्यावर नको. सकाळी सात वाजता कोपऱ्यावर उभं राहिलात तर टाय, ब्लेझर आणि मोज्यांवरच्या पट्ट्यांवरून कुठल्या पोराची फी किती, हे पानवालासुद्धा सांगेल. आणि ते ‘एक राज्य’ सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत, पहिली ते आठवीपर्यंतच होतं, हा बारीक तपशील तर मुळीच काढू नका. झेडपीचं पोर कोणतं हे लांबून ओळखू यावं, ही सोयसुद्धा समतेतच मोडते.

मास्तरांनाही सोडू नका. मार्च २०२४ मध्येच त्यांच्याही पेहरावाचा शासन निर्णय निघाला: जीन्स नको, टी-शर्ट नको, शर्ट पँटमध्ये खोचलेला हवा. चार वर्गांना मिळून एक मास्तर असला तरी हरकत नाही, शर्ट खोचलेला असला की झालं.

एवढं करूनही पोरं व्यक्त होतातच, हे आधीच सांगून ठेवतो. कॉलर उभी करतील, बाही दोनदा दुमडतील, खिशाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने नाव गिरवतील. वरचं बटण तर मुद्दाम तुटतं. लक्ष देऊ नका.

राष्ट्रगीताच्या वेळी तेवढं सांभाळा. सावधानमध्ये दोन्ही हात खाली ताठ लागतात, आणि सरकारी मापाची पँट धरायला एक हात तरी वर राहतो. अशा पोराला मागच्या रांगेत उभं करा. फोटो पुढूनच काढतात.