अंतराळात ब्रेक नसते

पुण्याला शिकायला गेलेलं पोट्टं दिवाळीत घरी येतं तेव्हा सोबत मळके कपडे आणतं, एवढाच आमचा आजवरचा अनुभव. पुतण्याने या वेळी मळके कपडे तर आणलेच, वर लॅपटॉपमध्ये एक अख्खं अंतराळ आणलं. स्वतः बनवलेला गेम. आपण विमान उडवायचं, शत्रूंनी यायचं, त्यांना गोळ्या घालायच्या, असा.

"काका, सहा महिने खपलो याच्यावर. खेळून पाहा न फीडबॅक द्या. खराखुरा द्या बरं, मले वाईट नाही वाटत."

वाईट न वाटणारी माणसं मी ओळखून आहे. लग्नात पंगत उठली की वधूपिताही हात जोडून विचारतो, "वरणात मीठ बरोबर होतं न?" त्याला खरं सांगणाऱ्याला पुढच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका येत नाही.

आता आमचं गाव लोणारपासून दोन-तीन कोसांवर. आकाशातून काहीतरी येऊन आदळणं आम्हाला नवीन नाही. कधीकाळी उल्का येऊन पडली आणि काळ्या पाषाणात जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा करून गेली. आम्ही तिथे पाहुण्यांना फिरवतो. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी रॉकेटचं भलंमोठं धातूचं कडं येऊन पडलं, त्या दिवशी ती जळती रेघ पाहायला गावंच्या गावं अंगणात उभी होती. सांगायचं इतकंच, की विदर्भात अंतराळ हे वरून खाली येतं. आपण उठून तिकडे भांडायला जायचं, ही कल्पना मात्र माझ्यासाठी कोरी होती.

गेमचं नाव 'आकाशयुद्ध : अंतिम अध्याय'. पहिला अध्याय कुठे आहे असं मी विचारलं, तर म्हणे तो नाहीच, 'अंतिम' भारी वाटतं. बरं बाबा.

मी बसलो. पडद्यावर तारे धावत होते, विमानं येत होती, फुटत होती. मी बाणाची बटनं दाबली, विमान वळलं. झकास. स्पेसचं बटन बडवलं, दोन शत्रू खलास. दहा मिनिटं मी घामाघूम होऊन लढलो. एकही गोळी मला लागली नाही. मनात म्हटलं, चाळिशीनंतरही हाताला धार आहे.

पोट्टं मागे येऊन उभं राहिलं. "काका, सुरू करा न."

"सुरू काय? अर्धी फौज मारली मी!"

"तुमी खेयतच नोयते. ते मागचं चित्र हाय. ते आपोआपच चालते. 'प्रारंभ'वर टिचकी मारा लागते."

'प्रारंभ' हा शब्द खालच्या कोपऱ्यात, करड्या रंगात, काळ्या पडद्यावर, मुंगीच्या डोक्याएवढा लिहिलेला होता. सातबाऱ्यावरची नोंदही यापेक्षा ठसठशीत असते.

खरा खेळ सुरू झाल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मघाचा मीच बरा होतो. एकतर स्पेसचं बटन चालतच नव्हतं. अंतराळाचा खेळ, आणि स्पेस दाबलं की काहीच नाही! गोळी 'झेड'वर, ढाल 'एक्स'वर, आणि 'एस्केप' दाबलं की न विचारता गेमच बंद. दुसरं म्हणजे माझं विमान कोणतं? पडद्यावर सात विमानं होती, सातही पांढरी, आणि तारेही पांढरे. एका ताऱ्यावर मी बराच वेळ नेम धरून होतो.

शेवटी हलवून हलवून आपलं विमान सापडलं. आता ते थांबेना. उजवं बटन एकदा दाबलं, ते निघालं ते निघालंच. बटन सोडलं तरी चाललंय. पडद्याच्या उजव्या काठातून बाहेर गेलं आणि डाव्या काठातून परत आत आलं, जत्रेत हरवलेल्या पोरासारखं.

"अबे, याचा ब्रेक कुठी हाय?"

"काका, अंतराळात ब्रेक नसते. तिथं हवा नाही, घर्षण नाही. न्यूटनचा पहिला नियम. उलटं तोंड करून तेवढाच जोर लावा, मंग थांबते."

आणि मग त्याने इतिहासच काढला. १९६२ साली अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाच्या पोरांनी कपाटाएवढ्या संगणकावर जो 'स्पेसवॉर' गेम केला, त्यातही विमान असंच घसरायचं. १९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स'मध्येही एका काठातून गेलं की दुसऱ्यातून यायचं. म्हणजे चूक माझी, नियम न्यूटनचा, परंपरा अमेरिकेची. पोट्टा तेवढा निर्दोष.

पण खरा घात त्रिकोणांनी केला. वरून लाल आणि हिरवे त्रिकोण गळत होते. आता मी कपाशीवाला माणूस. औषधाच्या डब्यावर लाल त्रिकोण म्हणजे जहाल विष आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य, हे आमच्याकडे न शिकलेल्यालाही ठाऊक असतं; ऐन फवारणीत तोच रंग पाहून माणूस तोंडाला फडकं बांधतो. मी जिवाच्या आकांताने लाल चुकवत, हिरवे गोळा करत सुटलो. चार हिरवे खाल्ले आणि मेलो. पाच वेळा असाच मेलो.

"काका, लाल म्हंजे रक्त, रक्त म्हंजे जीव! हिरवे बॉम्ब हायेत!"

बॉम्ब हिरवे का, तर लाल रंग आधीच वापरून झाला होता.

मग त्याने लॅपटॉप पानठेल्यावर नेला, 'वेगवेगळ्या लोकांचं मत घ्यायला'. मतांना तिथे कधीच तोटा नसतो. एकाने पाचशे गुण मिळवून मोबदला काय म्हणून विचारलं. एकाने तलाठ्याच्या चालीने चौकशी केली की ही विमानं आपल्या हद्दीत येऊन रायली की आपण त्यांच्या? यावर पुतण्याजवळ उत्तर नव्हतं. ठेलेवाल्याच्या पोराने गेम आपल्या नव्या कोऱ्या लॅपटॉपवर टाकला, तर 'प्रारंभ' म्हणेपर्यंत 'समाप्त' आलं. सगळं तुफान वेगाने पळत होतं. कारण म्हणे, विमान किती सरकायचं हे याने घड्याळावर नाही, पडदा किती वेळा रंगतो त्यावर बांधलं होतं. मशीन जितकं तगडं तितके शत्रू चपळ.

"१९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मधी पण असंच होतं," पोट्टा अजून लढत होता. "तो गेम बनवनाऱ्या निशिकादोच्या मशीनले एवढे शत्रू पेलत नोयते. ते मेले की काम कमी होये न बाकीचे जोरात पये. त्यानं ते तसंच ठेवलं, लोकायले आवडलं."

"त्याचे शत्रू मेल्यावर पळत होते राजा," ठेलेवाला चुना लावत म्हणाला, "तुह्ये तर लॅपटॉप महाग असला की पयतात."

मनापासून तारीफ एकाच गोष्टीची झाली. त्या आठवड्यात शेतातली लाईट रात्रीची होती. मोटर लावून बसल्या बसल्या मी बांधावर गेम खेळत होतो, आवाज पूर्ण सोडलेला. एक स्फोट झाला आणि शेजारच्या तुरीतून डुकरांचा कळप चौखूर उधळला. सकाळी शेजारी घरी हजर. "विमानं गिमानं राहू दे. तो आवाज तेवढा मले भोंग्यावर भरून दे."

एवढ्या सगळ्यात आजीला कोणी विचारलंच नव्हतं. तिने स्वतःच लॅपटॉप पुढ्यात ओढला. शेवटचा मोठा राक्षस पाहून म्हणाली, "हा लवणासुर काय?" लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं, म्हणजे लोणारच्या दैत्यसूदनाचं देऊळ आयुष्यभर केलेली बाई, तिला बाकी कथा सांगावी लागली नाही. तिने विमान डाव्या खालच्या कोपऱ्याला टेकवलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. गोळ्या आल्या, बाजूने गेल्या. लवणासुर आला, नाचला, गेला. त्या कोपऱ्यात काहीच पोहोचत नव्हतं, आणि जिवंत राहिल्याचे गुण मात्र वाढत होते. मधे तिने लसूण सोलला. तासाभराने आकडा ८८,००० वर होता. गावात दुसऱ्या नंबरवर मी, ६४०.

"आजी, हे बग हाय!" पोट्टा किंचाळला.

"काय हाय?"

"बग. म्हंजे... किडा."

"मले किडा म्हन्ते!" आजीने लसणाची परडी उचलली आणि आत निघून गेली. तो मागे मागे, किडा गेममध्ये आहे, तुझ्यात नाही, हे समजावत. पण रात्री जागून त्याने तो कोपरा बुजवलाच. सकाळी आजी विमान घेऊन तिथे टेकली आणि पहिल्याच गोळीला गेली. काही बोलली नाही.

दुपारी पोट्ट्याच्या ताटात भाकर आली, वरण आलं, कांदाही आला. ठेचा आला नाही. माझ्या ताटात होता.

संध्याकाळपर्यंत कोपरा पुन्हा जागच्या जागी होता.