मला वर उचल

सणाच्या जेवणाला कोणी काय करून आणायचं, हे आमच्याकडे ताई ठरवते. महिनाभर आधी घरच्या ग्रुपवर तिची यादी येते आणि त्या यादीत माझ्या नावापुढे कित्येक वर्षं 'कागदी नॅपकिन आणि बर्फ' असं लिहिलेलं असायचं. एका वर्षी मी बर्फ विसरलो. पुढच्या यादीत 'कागदी नॅपकिन' एवढंच उरलं. बर्फ दाजींकडे गेला होता.

यंदा यादी यायच्या आधीच मी ग्रुपवर लिहून टाकलं, "गोड माझ्याकडे. इटालियन."

अर्धा तास कोणीच काही बोललं नाही. मग ताईने विचारलं, "विकत आणणार ना?" मी लिहिलं, "घरी करणार." त्यावर आत्याचा अंगठा आला. आत्या कशालाही अंगठा पाठवते, एकदा कोणाच्या तरी ऑपरेशनच्या बातमीलाही पाठवला होता, त्यामुळे त्यातून काही अर्थ काढण्यात अर्थ नव्हता.

आता इटालियनच का? तर त्याचं कारण इटलीत नव्हतं, आमच्या ओट्याखाली होतं. शेजाऱ्यांनी दिलेला पाच किलोंचा लाल भोपळा तिथे दीड महिना बसून होता. देताना ते म्हणाले होते, "टिकतो हो." टिकला. केर काढताना आम्ही त्याच्या भोवतीनं झाडू फिरवायला लागलो, पाहुणे आले की पाय पसरू नका म्हणून सांगायला लागलो. शेवटी बायको म्हणाली, "एक तर याचं काहीतरी कर, नाहीतर दारावरच्या पाटीवर याचंही नाव घालू."

मी फोनवर 'लाल भोपळा, गोड, सोपं' असं शोधलं आणि भोपळ्याचं तिरामिसू निघालं, म्हणजे कॉफीत बुडवलेली बिस्किटं आणि चीजचं मिश्रण यांचे थर लावून केलेलं इटालियन गोड. अतिशय सोपं. भट्टी नको, अंडी नकोत, २० मिनिटांत तयार. फोटोत चौकोनी, काठ धरून उभा असलेला तुकडा, वर दालचिनीची भुरभुर आणि शेजारी एक चमचा, जणू कोणी नुकतंच खाऊन समाधानाने उठून गेलंय.

'सोपं' हा शब्द पाककृतीत कोण लिहितं, याचा मी तेव्हा विचार केला नाही. ज्याला ती येते तो लिहितो. पोहणाऱ्याला विचारलं तर तोही म्हणेल, काही नाही हो, हातपाय हलवायचे.

साहित्याच्या यादीत पहिलीच ओळ होती: भोपळ्याचा गर, १ डबा (४२५ ग्रॅम). ती २० मिनिटं सगळी त्या डब्यात होती. कोणीतरी कारखान्यात भोपळा कापलेला, शिजवलेला, वाटलेला, आटवून घट्ट केलेला. आपण फक्त झाकण उघडायचं. माझ्याकडे डबा नव्हता, भोपळा होता. हा फरक कागदावर एका ओळीचा आहे. स्वयंपाकघरात तो एका दिवसाचा आहे.

पण त्याआधी खरेदीचं सांगतो. यादीत पुढे होतं: लेडीफिंगर, २४. ही इटलीतली बोटभर लांबीची हलकी, कोरडी बिस्किटं. तिकडे त्यांना सावोयार्दी म्हणतात, सावॉय घराण्याच्या दरबारावरून पडलेलं नाव. मी ते राजघराण्याचं नाव वापरायला हवं होतं. पण दाजी बाजारातच होते, त्यांनी फोन करून "काही आणायचंय का?" विचारलं आणि मी म्हणालो, "दाजी, येताना लेडीफिंगर आणा. २४ पुरे."

संध्याकाळी दाजी अर्धा किलो भेंडी घेऊन दारात उभे.

"२४ मोजून कोण देतं?" ते म्हणाले. "म्हणून अर्धा किलोच घेतली. एकदम कोवळी आहे, टोकं मोडून बघितली."

मी त्यांना समजावलं की गोडात भेंडी घालत नाहीत. ते म्हणाले, "मला वाटलं, इटालियन आहे, घालत असतील." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण गोडात भोपळा मी स्वतःच घालणार होतो. भेंडी बायकोने काही न बोलता फ्रिजमध्ये ठेवली. बिस्किटांचा पुडा आणायला मग मीच गेलो.

सणाच्या दिवशी सकाळी दहाला कामाला लागलो. विळ्या-भोपळ्याचं सख्य आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्या नात्यात भोपळ्याची बाजू इतकी भक्कम असेल असं वाटलं नव्हतं. सुरी दोन बोटं आत गेली आणि तिथेच राहिली. ना पुढे, ना मागे. मी सुरीला धरून उचललं तर भोपळाही वर आला. बायको पेपर वाचता वाचता म्हणाली, "देठाच्या बाजूने नाही, आडवा धर. खाली ओलं फडकं ठेव, घसरणार नाही." हे तिला आधीपासून माहीत होतं. मी विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं. संसाराचे काही नियम असतात.

फोडी झाल्या, बिया निघाल्या, आणि मग 'भट्टी नको' असलेल्या पदार्थासाठी मी ओव्हन २०० अंशांवर तापवला. पाऊण तासाने गर मऊ झाला. वाटला. रंग तर असा सुरेख की मी लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला. ताईने विचारलं, "सूप?"

ती चुकत नव्हती. भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि माझ्या भोपळ्याने दीड महिन्यात त्यातलं काही सोडलेलं दिसत नव्हतं. गर फडक्यात बांधून नळाला टांगला. खाली पातेलं. थेंब... थेंब... तो पडेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी तिरामिसूबद्दल वाचत बसलो. शहाण्या माणसाने हे आदल्या दिवशी केलं असतं.

तिरामिसू या नावाचा अर्थ 'मला वर ओढ', 'मला वर उचल'. खाल्लं की माणसाला तरतरी यावी, कारण आत कॉफी आणि साखर. हा पदार्थ फार पुरातन असेल असं मला वाटत होतं, पण तो चांगलाच अलीकडचा निघाला. व्हेनेतो प्रांतातल्या त्रेव्हिझो गावातलं ले बेक्केरिए नावाचं उपाहारगृह म्हणतं, आम्ही केला, १९७० च्या आसपास. शेजारचा फ्रिउली व्हेनेत्सिया जुलिया प्रांत म्हणतो, आमच्याकडे त्याच्या आधीपासून होत होता. २०१७ साली इटलीच्या कृषी मंत्रालयाने पारंपरिक पदार्थांच्या यादीत तिरामिसू फ्रिउलीच्या नावापुढे लिहिला आणि व्हेनेतोचे राज्यकर्ते खवळले. वाचून फार बरं वाटलं. यादीत कोणाच्या नावापुढे काय लिहिलंय, यावरून तिकडेही माणसं झोप घालवतात.

भोपळ्याचं त्यात काही काम नाही, हे मान्य. पण इटलीला भोपळ्याचं वावडं आहे असंही नाही. मुळात भोपळा अमेरिका खंडातला. १४९२ नंतर कधीतरी समुद्र ओलांडून तिकडे पोचला आणि रमला. मांतुआ शहरात तर भोपळ्याचं सारण भरून केलेले पास्त्याचे तोर्तेल्ली नाताळच्या आदल्या रात्री करण्याची रीत आहे, आणि त्या सारणात बदामी चवीची आमारेत्ती बिस्किटं कुस्करून घालतात. म्हणजे सणाचं जेवण, भोपळा आणि बिस्किट ही तिन्ही माणसं एकमेकांना आधीपासून ओळखत होती. मी फक्त त्यांना कॉफीवर भेटवत होतो.

दोन तासांनी माझा धीर संपला. पाणी संपलं नव्हतं. मी फडकं पिळलं, आणि पिळताना थोडा गर फडक्यातून निसटून भिंतीवर गेला. तो रंग अजून सुरेखच दिसतो.

आता मस्कार्पोने. हे उत्तर इटलीतल्या लोम्बार्दी प्रांतातलं चीज. मलई तापवून त्यात आंबट घालतात, ती घट्ट होते, मग निथळवतात. अतिशय गुणी, मवाळ वस्तू. पाककृतीत लिहिलं होतं, 'हलक्या हाताने, एकजीव होईपर्यंतच फेटा.' माझ्या हातात विजेचं फेटणं होतं आणि डोक्यात भोपळ्यावरचा राग. अर्ध्या मिनिटात ते रेशमासारखं झालं. इथे थांबायचं असतं. मला वाटलं, अर्ध्या मिनिटात इतकं, तर दोन मिनिटांत किती! दोन मिनिटांत ते फुटलं. आधी रवाळ, मग एका बाजूला लोण्यासारखे गोळे, दुसऱ्या बाजूला पाणी. मवाळ माणसं रागावली की अशीच होतात, एकदम.

दुसऱ्या डब्याच्या वेळी मी यंत्राची वायरच काढून ठेवली आणि चमचा घेतला. तरी ते जरासं रवाळ झालंच, तेव्हा दोन चमचे पातळ क्रीम घालून हाताने सावकाश ढवळलं. ते पुन्हा गुळगुळीत झालं. पण सैलही झालं, याकडे मी त्या आनंदात दुर्लक्ष केलं. मग साखर, दालचिनी, जायफळ, सुंठ, चिमूटभर लवंग, तो अर्धवट पिळलेला गर आणि फेटलेलं क्रीम. बोटाने चाटून पाहिलं. खरं सांगतो, चव फार छान होती. एवढी छान, की पुढच्या संकटांची चाहूलच लागली नाही.

बिस्किटं कॉफीत बुडवायची असतात, आणि बुडवायची म्हणजे एक सेकंद या बाजूने, एक सेकंद त्या बाजूने. ती आतून पोकळ स्पंजसारखी असतात, शोषायलाच जन्मलेली. पहिली सहा मी सैनिकी शिस्तीत बुडवली. सातवं कॉफीत असताना ताईचा फोन आला. "होतंय ना रे? नाहीतर मी काहीतरी करून ठेवते." मी म्हटलं, "अगं, सोपं आहे." एवढं बोलेपर्यंत बिस्किट नव्हतं. कॉफी तेवढी दाट झाली होती. नंतरची काही मी घाबरून जेमतेम ओली केली, त्यामुळे थरात एक बिस्किट चिखल आणि शेजारचं वीट, अशी बांधणी झाली. वरून सगळं मिश्रण पसरलं की आतलं काही दिसत नाही. इमारतींचंही असंच असतं म्हणतात.

तीन वाजले होते. भांडं फ्रिजमध्ये सारलं आणि पाककृतीची शेवटची ओळ प्रथमच वाचली: 'किमान ६ तास, शक्यतो रात्रभर थंड करा.' म्हणजे ती २० मिनिटं वजा डबा, अधिक रात्र. जेवण साडेसातला होतं.

मी हताश होऊन खुर्चीत बसलो. बायकोने फ्रिज उघडला, तिरामिसूच्या मागून भेंडी काढली, पुसली, चिरली आणि दहा मिनिटांत परतून मोकळी केली. "कोवळी आहे, वाया कशाला घालवायची?" एवढंच म्हणाली.

जेवण झालं. बारा माणसं, सगळे खुशीत. मग ताईने हाक मारली, "आणा आता इटली!"

मी भांडं मधोमध ठेवलं. वरून पाहिलं तर हुबेहूब फोटोसारखं. मी सुरीने चौकोन आखले, उलथणं खाली घातलं आणि उचललं. उलथणं वर आलं. तिरामिसू आलं नाही. जिथून तुकडा निघायला हवा होता तिथे एक खळगा झाला आणि तो चारही बाजूंनी शांतपणे भरून आला. मी दुसऱ्यांदा उचललं. या वेळी एक कोरडं बिस्किट तेवढं वर आलं, एकटं. सगळं टेबल ते पाहत होतं. ज्या पदार्थाचं नावच 'मला वर उचल', तो काही केल्या उचलला जाईना.

"हे खायचं की प्यायचं?" आत्याने विचारलं.

तेव्हा दुपारचं वाचन कामी आलं. मी म्हणालो, "आत्या, इटलीत अशा पदार्थांची वेगळी जातच आहे. दोल्चे आल कुक्क्यायो, म्हणजे चमच्याने खायचं गोड. तिरामिसू त्यातलंच." ही माहिती शंभर टक्के खरी आहे. पण खरी माहितीसुद्धा चुकीच्या वेळी दिली की थापच वाटते.

दाजींनी शांतपणे वरणाचा डाव उचलला आणि वाढायला घेतलं. वाट्या कमी पडल्या म्हणून कप आले. आत्याने कप तोंडाला लावला, रिकामा केला, पुन्हा पुढे केला आणि म्हणाली, "चव आहे हो. काय आहे ते कळत नाही, पण चव आहे." मला तेवढ्यावर घरी जाता आलं असतं. पण ताईला राहवलं नाही. ती म्हणाली, "आज भेंडी मात्र काय झाली होती! मला तर मिळालीच नाही, आधीच संपली."

"मी आणली," दाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी पाणी प्यायला उठलो. फ्रिजमध्ये भांड्याच्या कोपऱ्यात उरलेलं तळहाताएवढं तिरामिसू होतं. सहज उलथणं घातलं. ते उठलं. काठ धरून, थर दाखवत, ताठ मानेने उलथण्यावर उभं राहिलं. चिखल आणि विटांमधलं भांडण रात्रीत मिटलं होतं. मी अंधारात बायकोला हाक मारली. ती झोपेत "हं" म्हणाली आणि कूस बदलली. मी ते बशीत ठेवलं, वर दालचिनी भुरभुरली, शेजारी चमचा ठेवला आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला.

आत्याचा अंगठा आला. मग ताईचा निरोप आला, "अय्या, किती सुंदर! कुठून मागवलंस?"

मी उत्तर लिहीत होतो, पुसत होतो, परत लिहीत होतो. तेवढ्यात तिचा दुसरा निरोप आला.

"बरं ऐक, पुढच्या वर्षीचं आत्ताच लिहून ठेवतेय. तुझ्याकडे भेंडी. निवडून दाजी आणतील."